नियंत्रित औषधांचं कपाट: या चुका टाळा

मॉर्फिनचं एक अँप्युल (इंजेक्शनची काचेची बंद कुपी) कमी भरलं की वॉर्डात पहिला प्रश्न येतो, "कुणी घेतलं?" त्याआधी विचारायला हवं की शेवटची खरी मोजणी कधी झाली होती. बहुतेक ठिकाणी याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. रजिस्टरमध्ये दर शिफ्टच्या सह्या असतात, आकडेही सुबक असतात, पण कपाटात हात घालून कुणी मोजलेलं नसतं. जाड पत्रा, दोन कुलपं, कॅमेरा, बोटाच्या ठशावर उघडणारा दरवाजा, हे सगळं हवंच. तरीही मॉर्फिन, फेंटानिल, केटामाइन, मिडाझोलम ही वेदनेची, भुलेची आणि गुंगीची, व्यसन लावू शकणारी नियंत्रित औषधं कुलूप फोडून क्वचितच जातात. ती जातात रीतसर उघडलेल्या दारातून, आणि गेल्याचं कित्येक दिवस कळत नाही.

आकडा आधी वाचून मग मोजणे

ही चूक इतकी रुळलेली आहे की ती चूक आहे हेच नव्या मुलींना सांगावं लागतं. चार्ज, म्हणजे शिफ्ट बदलताना वॉर्डाची जबाबदारी, घेताना रजिस्टर उघडायचं, "फेंटानिल, शिल्लक १४" वाचायचं आणि मग कपाटात डोकवायचं. एक बंद खोका, एक उघडा, उघड्यात पुढे चार अँप्युल. झाले चौदा. एकदा आकडा डोक्यात बसला की डोळ्यांना तेवढंच दिसतं. त्या चारांतलं एक रिकामं असून तसंच परत खोवलेलं आहे, किंवा बंद खोक्याचं वरचं सील शाबूत असून तळाची घडी उचकटून पुन्हा चिकटवली आहे, हे अशा नजरेला सापडत नाही.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. शुक्रवारी रात्री दोन रुग्णांना फेंटानिल दिलं गेलं आणि गडबडीत नोंद एकाचीच झाली. कपाटात १३ आणि रजिस्टरमध्ये १४. शनिवारी सकाळी घाईत "१४ बरोबर" लिहून दोघींनी सह्या केल्या. मंगळवारी सकाळच्या चार्जनंतर फार्मासिस्टने मोजलं तेव्हा एक कमी. तोवर १० वेळा चार्ज दिला-घेतला गेला होता, म्हणजे २० सह्या. वीसच्या वीस खोट्या, आणि त्यामुळे सगळ्याच जणी संशयाखाली. तीच मोजणी शनिवारी सकाळी नीट झाली असती तर रात्रीची सिस्टर समोर उभी होती, तिला सगळं आठवत होतं, दुसऱ्या रुग्णाच्या औषधपत्रकावर डोस लिहिलेला होता आणि रिकामं अँप्युल शार्प्सच्या (सुया-काचांच्या) डब्यातच होतं. दहा मिनिटांत उलगडा झाला असता. मंगळवारपर्यंत डबा उचलला गेला, रुग्ण घरी गेला, आणि नोंदीच्या विसराळूपणाची चोरीची चौकशी झाली.

म्हणून सवय अशी लावावी. रजिस्टर चार्ज देणारीच्या हातात, आणि मिटलेलं. मोजायचं चार्ज घेणारीने. प्रत्येक उघडा खोका पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामा करायचा, एकेक अँप्युल बोटाने सरकवत मोजायचं, औषधाचं नाव, ताकद आणि मुदत वाचायची, आणि आकडा मोठ्याने सांगायचा. मगच रजिस्टर उघडायचं. बंद खोका दोन्ही टोकांनी आणि तळाकडून बघायचा. व्हायल (रबरी बुचाची औषधाची बाटली) असेल तर झाकण बोटाने फिरवून बघायचं, ढिलं लागलं तर ती बाजूला काढून लगेच कळवायचं. आठ-दहा प्रकारची औषधं असतील तर याला सात-आठ मिनिटं लागतात. "एवढा वेळ कुठे आहे?" म्हणणाऱ्यांनी एका गहाळ अँप्युलच्या चौकशीत किती दिवस जातात ते एकदा बघावं.

आकडा जुळला नाही तर दोघींपैकी कुणीही वॉर्ड सोडायचा नाही. शेवटच्या खात्रीच्या ओळीपासून शिल्लक पुन्हा मांडायची, कारण वजाबाकी चुकलेली असणं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. मग त्या काळात ते औषध मिळालेल्या प्रत्येक रुग्णाचं औषधपत्रक काढायचं. शेजारच्या खणात वेगळ्या ताकदीचे अँप्युल मिसळलेत का बघायचं; १० आणि १५ मिलिग्रॅमच्या मॉर्फिनची अदलाबदल झाली की एकीकडे एक कमी आणि दुसरीकडे एक जास्त भरतं. फार्मसीला परत केलेल्या मालाची पावती तपासायची. तरीही जुळलं नाही तर त्याच तासात इनचार्जला आणि फार्मासिस्टला कळवायचं. मागच्या तारखेची "फुटलं" अशी नोंद घालून ताळा जुळवण्याची युक्ती नव्यांना कुणीतरी हमखास शिकवतं. ते सरळ सरळ खोटं कागदपत्र आहे.

न पाहता साक्षीदार म्हणून सही

"जरा सही कर गं, सकाळचं उरलेलं टाकलं होतं." शिफ्ट संपताना हे वाक्य ऐकू आलं तर रजिस्टर मिटून परत द्यावं. ज्येष्ठ सिस्टर मागत असेल तरीसुद्धा.

१० मिलिग्रॅमचं मॉर्फिनचं अँप्युल फोडलं, रुग्णाला ४ मिलिग्रॅम दिलं, उरलं ६. या ६ मिलिग्रॅमवर कुणाचीच नजर नसते, कारण औषध कपाटातून रीतसर बाहेर पडलेलं असतं आणि अँप्युलचा हिशेबही बरोबर असतो. साक्षीदार इथे नावापुरता नको. अँप्युल फोडण्यापासून तो शेजारी हवा. १ मिलिलिटर औषध १० मिलिलिटरपर्यंत पातळ केलं, म्हणजे १ मिलिलिटरला १ मिलिग्रॅम झालं. सिरिंजवर औषधाचं नाव, ताकद, वेळ आणि रुग्णाची ओळख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. डोस दिल्यावर सिरिंजमध्ये ६ मिलिलिटर उरलंय. ते त्याच्या डोळ्यांदेखत नष्ट झालं. यातलं जेवढं पाहिलं तेवढ्याचीच सही. नोंद अशी: दिलं ४, टाकलं ६, एकूण १०. एकूण लिहायचं टाळू नका, चूक तिथेच पकडली जाते.

टाकायचं कुठे? बेसिनमध्ये पिचकारी मारून नाही. औषध शोषून घेऊन निकामी करणारा डबा मिळतो, त्यात टाकावं. तो भरला की वजन आणि तारीख लिहून, सील करून पाठवावा. फेंटानिल सतत शिरेत सोडणारा पंप मध्येच बंद केला असेल तर "उरलेलं टाकलं" एवढ्याने भागत नाही. किती मिलिलिटर आणि त्यात किती मायक्रोग्रॅम, दोन्ही लिहा.

आणि मुळात उरू देऊच नका. फेंटानिलचं २ मिलिलिटरचं अँप्युल म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, १० मिलिलिटरचं म्हणजे ५००. गरज ७५ची असताना ५००चं फोडलं तर ४२५ मायक्रोग्रॅम कुणाच्या तरी शब्दावर सोडलेले असतात. एकच मोठा आकार मागवणं सोयीचं असेल, पण वॉर्डसाठी लहान आकारच मागवावा. महिन्यातून एकदा रजिस्टर चाळताना टाकलेल्या औषधाची वेगळी बेरीज करावी, नावानिशी. एकाच व्यक्तीच्या हातून नेहमी जास्त उरतंय, किंवा पत्रकावर डोस पूर्ण आहेत पण रुग्ण रात्रभर वेदनेने तळमळतोय, हे दिसलं तर गप्प बसू नका. त्या रुग्णाला औषधाच्या जागी पाणी मिळत असू शकतं. आणि घेणारा सहकारी व्यसनाच्या आजारात अडकलेला असेल तर वेळेवर सापडणं त्याच्याही जिवाच्या भल्याचं आहे.

भरून ठेवलेली सिरिंज

ओटीत (शस्त्रक्रियागृहात) आणि कॅथ लॅबमध्ये (हृदयाच्या अँजिओग्राफीच्या खोलीत) केस सुरू होण्याआधी फेंटानिल भरून ट्रेवर ठेवतात, आणि मग सगळे हात धुवायला जातात. अमेरिकेत २०१२ मध्ये उघडकीला आलेलं प्रकरण याच फटीतून घडलं. कॅथ लॅबमधला एक तंत्रज्ञ भरलेल्या सिरिंज उचलायचा, स्वतःला टोचून घ्यायचा आणि त्याच सिरिंजमध्ये सलाइन भरून त्या जागेवर ठेवायचा. त्याला हेपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार, होता. तीसहून जास्त रुग्णांना लागण झाली आणि २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. कपाटाचं कुलूप तिथे काहीच करू शकत नव्हतं. औषध कपाटाबाहेर होतं, भरलेलं होतं आणि त्यावर कुणाचं लक्ष नव्हतं.

द्यायच्या वेळीच भरा. भरलं तर हातातून सोडू नका. सोडावंच लागलं तर कुलुपात ठेवा, आणि नजरेआड झालेली सिरिंज साक्षीदारासमोर टाकून नवी भरा. खिशात अँप्युल घेऊन फिरणं हीसुद्धा याच चुकीची बहीण. संध्याकाळी गणवेश बदलताना खिशात सापडलेल्या केटामाइनच्या व्हायलला कुठलंच स्पष्टीकरण पुरत नाही.

किल्ली

दोन कुलपांच्या दोन किल्ल्या एकाच कडीत अडकवल्या की कुलूप एकच उरतं. टेबलाच्या खणात, कॅलेंडरमागच्या खिळ्यावर किंवा "सगळ्यांना माहीत असलेल्या" डब्यात ठेवली की तेही उरत नाही. किल्ली ड्युटीवरच्या जबाबदार सिस्टरच्या अंगावरच हवी, आणि मोजणी होईपर्यंत ती पुढच्या हातात जायला नको. राखीव किल्ली वॉर्डाबाहेर, सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर सही करून ठेवावी. किल्ली चुकून घरी गेली तर माणूस परत बोलवावा. हरवली तर कुलूप त्याच दिवशी बदलावं. "सापडेल" म्हणून थांबू नये. आकड्यांवर चालणारं कपाट असेल तर पिन दुसऱ्याला सांगणं म्हणजे सही उधार देणं. नोकरी सोडून गेलेल्याचा पिन शेवटच्या दिवशीच बंद व्हायला हवा.

कपाट भिंतीला आतून बोल्ट मारून बसवलेलं हवं आणि बिजागऱ्या बाहेर दिसायला नकोत. दोन माणसं उचलून नेऊ शकतील अशा पेटीला कपाट म्हणू नये.

फ्रिज

औषधांच्या फ्रिजच्या दारावर दिसणाऱ्या तापमानाच्या आकड्यावर विसंबून राहतात, ही मूळ चूक. सकाळी ८ वाजता ५ अंश दिसतात, पण पहाटे उणे १ झालेलं असतं आणि मागच्या पत्र्याला टेकलेलं इन्सुलिन गोठून पुन्हा वितळलेलं असतं. दिसायला ते स्वच्छच दिसतं, पण एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असलेल्या लशीही, उदाहरणार्थ धनुर्वाताची किंवा हेपॅटायटिस बीची, गोठल्या की वाया जातात. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर मधल्या कप्प्यात ठेवा, दिवसातून दोनदा दोन्ही आकडे लिहा आणि लिहून झाल्यावर तो रीसेट करा. रीसेट न करणारे आठवडाभर तोच आकडा उतरवत राहतात. हद्द २ ते ८ अंश. दारात औषध नको, मागच्या पत्र्याला टेकून नको, खोके दाटीने नकोत.

लोराझेपामचं इंजेक्शन थंडही लागतं आणि नियंत्रितही असतं. फ्रिजमध्ये आत पक्की बसवलेली कुलपाची पेटी त्याच्यासाठी हवी, आणि चार्जच्या मोजणीत तिचंही नाव हवं. ती नेहमी विसरली जाते.

पोटॅशियम क्लोराइड

हे नियंत्रित औषधांच्या यादीत नसतं म्हणून खुल्या शेल्फवर सलाइनच्या आणि इंजेक्शनच्या पाण्याच्या अँप्युलशेजारी पडलेलं दिसतं. १५ टक्क्यांच्या १० मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. पातळ न करता झपकन शिरेत गेलं तर हृदय थांबतं. अँप्युल दिसायला पाण्याच्या अँप्युलसारखंच. साध्या वॉर्डात ते ठेवूच नका, पातळ केलेली तयार बाटली मागवा. जिथे ठेवावंच लागतं तिथे वेगळा कुलुपाचा खण, लाल पट्टी आणि देताना दुसऱ्या व्यक्तीची तपासणी. यात घासाघीस नको.

बाकीच्या, थोडक्यात

रजिस्टरमध्ये व्हाइटनर आणि गिरवागिरवी नको. चुकलेली ओळ वाचता येईल अशी ठेवून खालच्या ओळीत दुरुस्ती आणि दोन सह्या. पानांना छापील क्रमांक हवेत.

मॉर्फिनचं पातळ औषध दर शिफ्टला ओतून मोजू नका, दर वेळी थोडं भांड्याला चिकटतं. रोज बाटलीवरची पातळी बघा, आठवड्यातून एकदा मोजा, आणि बाटली संपल्यावरचा फरक लिहा. बाटलीच्या तोंडाला सिरिंजचं बूच बसवून, तोंडाने औषध द्यायच्या सिरिंजनेच काढा. ती शिरेच्या नळीला बसत नाही.

फेंटानिलचा कातडीवर चिकटवायचा पॅच ७२ तासांनी काढला तरी त्यात बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि साक्षीदारासमोर टाका. उघडा पॅच कचऱ्यात गेला की लहान मुलाच्या हाती लागू शकतो.

अँप्युल पडून फुटलं तर लगेच पुसू नका. दुसऱ्या व्यक्तीला बोलवा, काचा दाखवा, मग नोंद.

क्रॅश कार्टला (तातडीच्या औषधांच्या ढकलगाडीला) किल्लीचं कुलूप लावू नका. तोडता येणारं क्रमांकाचं सील लावा आणि क्रमांक रोज रजिस्टरशी जुळवा. सील शाबूत आहे पण क्रमांक वेगळा आहे, म्हणजे कुणीतरी कार्ट उघडून नवं सील लावलं आहे.

मुदत संपलेलं नियंत्रित औषध "आता काय उपयोगाचं" म्हणून मोजणीतून वगळतात. ते वेगळ्या पाकिटात, "वापरू नये" लिहून, त्याच कपाटात आणि त्याच रजिस्टरमध्ये राहतं, फार्मासिस्ट साक्षीदारासमोर ते नष्ट करेपर्यंत. रुग्णाने घरून आणलेल्या मॉर्फिनच्या गोळ्यांचंही तसंच: त्याच्या नावाने वेगळं पान, वेगळी मोजणी, आणि घरी जाताना परत दिल्याची त्याच्या नातेवाइकाची सही.