कोलंबसला नवीन आलायत? आधी ती मुंबई इंडियन्सची जर्सी बॅगेत ठेवा

मंडळी, ऑगस्ट आला की आपल्या ग्रुपवर नवीन नंबर वाढायला लागतात. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीला आलेली पोरं, बँकेत नाहीतर इन्शुरन्स कंपनीत आयटीच्या कामावर आलेले नवरा-बायको, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच, घर कुठं बघू, ड्रायव्हिंग टेस्ट कशी असते, कढीपत्ता कुठं मिळतो. ते सगळं पिन केलेलं आहे, तेवढं वाचा. मी आज, ऑगस्ट २०२५ ला, हे लिहितोय ते कुणीच सांगत नाही म्हणून, मलाही कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याचे मी चांगले सणसणीत पैसे मोजलेत, ते पुढं येईलच.

विषय आहे इथले खेळ, त्यातही अमेरिकन फुटबॉल. मी काय एक्स्पर्ट नाही, सोफ्यावर बसून बघणारा माणूस. पण कोल्हापूरचा आहे, शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण विरुद्ध पाटाकडीलच्या फुटबॉल मॅच बघत मोठा झालोय, त्यामुळं खेळापायी अख्खं गाव कसं येडं होतं ते मला शिकवायला नको. तरीपण इथं पहिल्या वर्षी मला काही कळलं नाही. २०१३ चा नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार, मी दुपारी किराणा आणायला गेलो तर एवढ्या मोठ्या दुकानात मी, एक म्हातारी बाई आणि काउंटरवरचा पोरगा, तोही कानात एक इअरफोन घालून. मला वाटलं सुट्टीमुळं गर्दी नाही, बरं झालं. मी कांदे निवडतोय आणि मागच्या स्टॉकरूममधून एकदम अशी बोंब उठली की मी हातातली पिशवी टाकून दाराकडं पळालो, म्हटलं आग लागली. आग कसली, मिशिगन युनिव्हर्सिटीनं, म्हणजे ओहायो स्टेटच्या हाडवैऱ्यानं, शेवटच्या मिनिटाला टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) मारून बरोबरीचा एक पॉइंट घ्यायच्याऐवजी दोन मिळवायला गेले आणि फसले, आपण, म्हणजे ओहायो स्टेट, ४२-४१ जिंकलो. काउंटरवरचा पोरगा मला मिठी मारायला आला. मी पण मारली, कशासाठी ते घरी जाऊन गुगल केलं.

तर पहिली गोष्ट, कोलंबसला एनएफएलची, म्हणजे पगारी खेळाडूंच्या फुटबॉल लीगची, टीम नाही. क्लीव्हलँडला ब्राउन्स आहेत, सिनसिनाटीला बेंगॉल्स, दोन्ही इथनं साधारण दोन-दोन तासांवर, त्यामुळं इथला देव म्हणजे कॉलेजची टीम, बकआय. बकआय हे एका झाडाचं फळ आहे, चेस्टनटसारखं दिसणारं, खायचं नसतं. हो, एका कडू फळाच्या नावानं लाखभर माणसं ओरडतात. स्टेडियममध्ये बरोब्बर १,०२,७८० माणसं बसतात, कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला! वानखेडे तीन वेळा भरून उरेल. कुणी रस्त्यात लांबून ओ-एच ओरडलं तर तुम्ही आय-ओ ओरडायचं, ओळख नसली तरी. नाही ओरडलात तर काही होत नाही, पण समोरच्याचं तोंड बघवत नाही.

आता जर्सीचं. मागच्या वर्षी एक नवीन पोरगा, डोंबिवलीचा, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई इंडियन्सची जर्सी घालून क्लासला गेला. आता विचार करा, रंग निळा आणि सोनेरी, छातीवर एमआय. मिशिगनचा रंग निळा आणि पिवळा, आणि मिशिगन राज्याचं पोस्टाचं दोन अक्षरी नाव काय, तर एमआय! त्या आठवड्यात अख्ख्या कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल फुली मारलेली असते, लोक मिशिगनचं नावसुद्धा घेत नाहीत, वरची ती टीम म्हणतात. हा बिचारा बसमध्ये चढला आणि सगळी बस याच्याकडं बघतेय, एक म्हातारा म्हणाला पोरा, तुझ्यात धाडस आहे. याला वाटलं रोहितचा फॅन भेटला, याचा चेहरा फुलला, थँक्यू सर म्हणाला. संध्याकाळी मला फोन, दादा इथं मुंबई इंडियन्स एवढी का फेमस आहे? हसून हसून माझी वाट लागली. कुणी मारत वगैरे नाही हो, माणसं चांगली आहेत, पण पंधरा दिवस ती जर्सी कपाटात राहू दे. चेन्नईवाल्यांनी पण लई हसू नका, तुमचं पिवळं तर मिशिगनचंच आहे.

दुसरी गोष्ट, अंदाज. हे नीट समजून घ्या. इथं माणूस तुम्हाला पगार विचारणार नाही, जात-धर्म विचारणार नाही, किती वर्षं शेजारी राहिला तरी घरात काय चाललंय विचारणार नाही, पण शुक्रवारी हमखास विचारणार, उद्या स्कोअर काय होईल? आणि त्याला आकडा हवा असतो. माझा शेजारी, सत्तरीचा, गॅरेजमध्ये टीव्ही लावून बसतो, त्यानं मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं जो चांगला खेळेल तो जिंकेल. त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं काय मी त्याच्या कुत्र्याला लाथ मारलीय. पुढच्या वेळी मी तयारीनं गेलो आणि म्हटलं ११-४. त्यावर तो खुर्चीत वाकून हसला. का, तर टचडाउनचे सहा, वर लाथेचा एक, असे सात आणि फील्ड गोलचे (लाथेनं बॉल खांबांमधून मारला की) तीन, त्यामुळं स्कोअर बहुतेक वेळा १७, २०, २४, २७, ३१ असलेच येतात. एवढे पाच आकडे पाठ करा, बाकी नियम यूट्यूबवर आहेत, चार प्रयत्नात दहा यार्ड, तीन-चार मॅचमध्ये डोक्यात बसतं. आता मी दर शुक्रवारी कुंपणावरून ३१-१७ म्हणून ओरडतो आणि तो २७-२४. दहाएक वर्षात दोघांचा मिळून एकदाही बरोबर आलेला नाही, पण बर्फात माझी गाडी अडकली की पहिला तोच फावडं घेऊन येतो.

आपल्या लोकांचं मात्र मला कळत नाही. एक गट असा की पंधरा वर्षं राहून पण पार्टीत हेच, हा काय फुटबॉल, हातानं तर खेळतात. अरे बाबा, तो विनोद तू येण्याच्या आधीपासून शिळा आहे. दुसरा गट आल्या आल्या दोनशे डॉलरची जर्सी घेऊन वुई वुई करायला लागतो, अजून क्वार्टरबॅक (पास टाकणारा, टीमचा म्होरक्या) कोण ते माहीत नसतं. आणि मंडळवाले! गेल्या खेपेला दिवाळीचा कार्यक्रम होम मॅचच्या शनिवारी ठेवला, हॉल कॅम्पसच्या जवळ, लोक अडीच तास ट्रॅफिकमध्ये, नाट्यगीतं रिकाम्या खुर्च्यांपुढं झाली. मॅचच्या दिवशी लेन अव्हेन्यू आणि हाय स्ट्रीटकडं फिरकूच नका, लोक आपल्या लॉनवर चाळीस-चाळीस डॉलर घेऊन गाड्या लावून घेतात, आणि फुकट जागा दिसली तर ती टो होण्याचीच जागा आहे असं समजा. मॅचला गेलात तर पारदर्शक पिशवी न्या, डब्याची कापडी पिशवी दारातनं परत पाठवतात. नोव्हेंबरात खाली बसायला काहीतरी जाड न्या. बस.

आता पैशाचं. इथं जरा सावकाश वाचा.

ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर बेटिंग कायदेशीर झालं. त्या महिन्यात टीव्ही लावला की जाहिरात, बसवर जाहिरात, पाच डॉलर लावा आणि दोनशे फुकट घ्या. आपण कोकणस्थ नसलो तरी फुकट म्हटल्यावर कोण सोडतो. मी पण घेतलं एक अ‍ॅप. फुकटचे दोनशे रोख नसतात, ते परत लावावेच लागतात, तीच तर गंमत. जानेवारीत थोडे जिंकलो, फेब्रुवारीत थोडे हरलो, आणि मार्चमध्ये आलं मार्च मॅडनेस, कॉलेज बास्केटबॉलच्या ६८ टीम, एक हरला की घरी. त्यात एक प्रकार असतो पार्ले. मला आधी बिस्किटच आठवलं. पाच मॅचचे अंदाज एकत्र बांधायचे, पाचही बरोबर आले तर भरपूर पैसे, एक चुकला की सगळं शून्य. मी म्हटलं सेफ टीम घेऊ. बेलर, मार्क्वेट, युकॉन, गोन्झागा आणि पर्ड्यू. पर्ड्यू म्हणजे पहिल्या क्रमांकाचं मानांकन, त्यांच्यात सात फूट चार इंचाचा झॅक एडी, आणि समोर न्यू जर्सीचं फेअरली डिकिन्सन, सोळावं मानांकन, अख्ख्या देशातली सगळ्यात बुटकी टीम, जी डेटनला आदल्या फेरीची मॅच खेळून कशीबशी आत आलेली. सोळाव्यानं पहिल्याला हरवणं पुरुषांच्या स्पर्धेत त्याआधी एकदाच झालं होतं, २०१८ ला. मी इंजिनिअर माणूस, पण प्रत्येक अंदाज नव्वद टक्के पक्का धरला तरी पाच एकत्र बरोबर यायची शक्यता एकोणसाठ टक्केच होते हा साधा गुणाकार मी केला नाही. सहाशे डॉलर लावले, मेमध्ये साताऱ्याला मावसबहिणीच्या लग्नाला जायच्या तिकिटासाठी बाजूला काढलेले. आधीचे गेलेले धरून तीन महिन्यात अठराशे.

१७ मार्च, शुक्रवार. आणि मॅच कुठं, तर आपल्याच गावात, नेशनवाइड अरेनात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. बायको किचनमध्ये फोडणी देतेय, मी फोन उशीखाली धरून बसलोय कारण तिला सांगितलं नव्हतं. ती बुटकी पोरं त्या सात फुट्याभोवती अशी घोंगावत होती जशी गुळाला मुंग्या. ६३-५८, पर्ड्यू बाहेर. बाकीचे चार? चारही जिंकले, युकॉननं तर पुढं जाऊन कपच नेला. रात्री खिडकीतनं लोकांच्या आरोळ्या ऐकू येत होत्या, गाव सगळं खूश, असा चमत्कार आपल्याकडं झाला म्हणून. लग्न मी व्हॉट्सअ‍ॅपवर बघितलं. मावशी अजून विचारते, तेव्हा सुट्टी का नाही मिळाली रे?

पोरांनो, अ‍ॅप घेऊ नका. एकवीसच्या आतले असाल तर तुम्हाला चालतच नाही, मित्राच्या नावावर तर अजिबात नको. जिंकलात तरी ते उत्पन्नात दाखवायला लागतं. आणि लोक बेट हरले की एकोणीस वर्षांच्या खेळाडूंना घाणेरडे मेसेज पाठवायला लागले, म्हणून मार्च २०२४ पासून ओहायोत कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या आकड्यांवर पैसे लावणं बंद केलं. तुम्ही म्हणाल पाच डॉलरनं काय होतंय. मी पण पाचनंच सुरू केलं होतं. ब्रॅकेट, म्हणजे मार्च मॅडनेसमध्ये कोण कोण जिंकणार त्याचा तक्ता, भरायचं तर ऑफिसात फुकटचं भरा, मॅस्कॉट बघून भरणारी एचआरची बाई दरवर्षी माझ्या पुढं असते.

बरं, एवढं बोलल्यावर माझे या वर्षीचे, २०२५ च्या मोसमाचे, अंदाज देतो, फुकट. बकआयची पहिलीच मॅच ३० ऑगस्टला टेक्ससशी, इथंच. जानेवारीत आपण त्यांना २८-१४ हरवलंय, आता त्यांचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग, घराणंच क्वार्टरबॅकचं, पेटन आणि इलाय दोघं काका, टीव्हीवाले त्याला आत्ताच डोक्यावर घेऊन नाचतायत. माझा अंदाज २४-२० आपण. २९ नोव्हेंबरला मिशिगनला त्यांच्या घरी जायचंय, २०२१ ते २०२४ सलग चार वेळा हरलोय, २०२४ ला तर घरात १३-१०, मॅचनंतर मैदानातच मारामारी झाली आणि पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. तेव्हा माझा शेजारी म्हणत होता कोच रायन डेला आजच्या आज हाकला. सात आठवड्यांनी तोच कोच नोत्र दामला ३४-२३ हरवून देशाचा चॅम्पियन, आणि शेजारी म्हणतो मी आधीच म्हणत होतो. यंदा मिशिगनला २७-१७ घेणार, लिहून घ्या. ओहायो स्टेट ज्यात खेळते त्या बिग टेन लीगचा कप? सांगत नाही. नावात दहा आणि आता टीम अठरा, ओरेगन आणि कॅलिफोर्नियावाले पण आत घेतले टीव्हीच्या पैशापायी, मला ते पटत नाही. खेळाडूंना कॉलेजकडनं पैसे मिळायला लागले याच्यावर म्हातारे लोक कुरकुरतात, मला ते मात्र योग्य वाटतं, लाखभर माणसं तिकीट काढून बघतात आणि पोरानं फुकट हाडं मोडून घ्यायची?

ब्राउन्स. १९६४ नंतर किताब नाही. २०१७ ला सोळापैकी सोळा हरले तर लोकांनी थंडीत स्टेडियमभोवती मिरवणूक काढली, नाद खुळा. २०२५ च्या मोसमाच्या सुरुवातीला चाळीस वर्षांचा फ्लॅको आणि दोन नवशिके क्वार्टरबॅक, चार मॅच जिंकले तर मी ऑफिसात पेढे वाटतो. बेंगॉल्स प्लेऑफला जाणार, त्यांचा क्वार्टरबॅक बरो फिट राहिला तर. क्लीव्हलँडची बास्केटबॉल टीम कॅव्हलियर्स परत साठ मॅच जिंकतील आणि परत मेमध्ये घरी बसतील.

क्रिकेट? ते तुम्हाला मी काय सांगू. फक्त एवढं, ऑफिसात कुणी क्रिकेटबद्दल विचारलं तर सचिनपासून सुरुवात करू नका, सौरभ नेत्रावळकरचं सांगा. आपला मुंबईचा पोरगा, इथं सॉफ्टवेअरची नोकरी, आणि २०२४ च्या वर्ल्डकपात अमेरिकेकडनं सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवलं. ही गोष्ट अमेरिकन माणूस खुर्ची ओढून ऐकतो.

आता तातडीचं. मंडळानं या वर्षी गणपतीचा कार्यक्रम ठेवलाय ३० ऑगस्ट २०२५ ला, शनिवारी, दुपारी १२ वाजता. टेक्ससची किकऑफ किती वाजता? दुपारी १२! मीटिंगमध्ये मी बोंबललो, पण हॉलचं बुकिंग झालेलं. शेवटी आरती साडेअकराला घ्यायचं ठरलंय, आणि हॉलमागच्या स्टोअररूममध्ये मी माझा घरचा टीव्ही आणून लावणार आहे, सेक्रेटरीला सांगू नका. प्रसादाची रांग तिकडनंच वळवतोय. येताना लाल काहीतरी घाला, जास्वंद पण चालेल.