पॅराग्लायडिंगला निघताय? गाडी घरीच ठेवा

पॅराग्लायडरला इंजिन नसतं, इंधन लागत नाही. म्हणून हा खेळ निसर्गाला अजिबात जड नाही, असं आपण धरून चालतो. पण आपण उडायला जातो ते कामशेत मुंबईहून साधारण 110 किलोमीटर. एकेक जण आपापल्या गाडीनं गेला, तर दिवसभराच्या उड्डाणाचा खरा धूर एक्सप्रेस वेवरच निघतो.

त्यापेक्षा सकाळची पुण्याकडे जाणारी रेल्वेगाडी पकडून लोणावळ्याला उतरा, तिथून पुणे लोकलनं मळवलीनंतरचं स्टेशन कामशेत. ही लोकल आपल्या मुंबईसारखी दर पाच मिनिटांनी नसते, वेळापत्रक आधी बघा. ग्लायडरची बॅग पंधरा-वीस किलोची असते, तेव्हा गर्दीच्या वेळी दारात अडवून उभं राहू नका. स्टेशनपासून पुढे चार-पाच जणांत एक जीप.

डोंगरावर मळलेल्या वाटेनंच चढा. डिसेंबरनंतर गवत पार वाळलेलं असतं. तिथे सिगारेट, चूल काहीच नको. एका ठिणगीनं वणवा अख्खा उतार जाळतो, गवतात घरटी करणारे पक्षीही त्यात जातात.

आणि कड्यांपासून लांब उडा. सह्याद्रीतली गिधाडं हिवाळ्यात कड्याच्या कपारीत अंडी घालतात, वर्षाला बहुधा एकच. घाबरून पालक उठले की अंडं उघडं पडतं. एखादा शिकारी पक्षी तुमच्या दिशेनं झेपावला किंवा सारखा ओरडू लागला, तर समजा घरटं जवळ आहे. थर्मल, म्हणजे वर उचलणारा गरम हवेचा झोत, कितीही चांगला असो, तो सोडून लगेच दूर व्हा.