ग्रॅफाइटवरील सेंद्रिय रेणू पाहताना: पीएच.डी.च्या पहिल्या वर्षासाठी

स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपवर (म्हणजे अणकुचीदार तार, अर्थात टिप, पृष्ठभागाच्या अगदी जवळून फिरवून मधल्या फटीतून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून चित्र घेणाऱ्या यंत्रावर) सेंद्रिय रेणूंचा अभ्यास सुरू करणाऱ्या संशोधकाने पहिले काही आठवडे रेणूंचा नाद सोडून केवळ कोऱ्या ग्रॅफाइटचे स्कॅन घ्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्रॅफाइटवर डीएनए दिसल्याची चित्रे प्रसिद्ध झाली होती. पुढे १९९१ मध्ये, रेणूचा लवलेशही नसलेल्या ग्रॅफाइटच्या पायऱ्यांजवळ (जिथे वरचा अणुथर संपून खालचा उघडा पडतो) तशाच पिळदार आकृती उमटतात, हे दाखवले गेले. कोरा पृष्ठभाग ओळखीचा असेल तरच त्यावरचा पाहुणा ओळखता येतो.

सुरुवातीला एचओपीजी, म्हणजे थर एकमेकांना नीट समांतर असलेल्या कृत्रिम ग्रॅफाइटचा, वरचा थर चिकटपट्टीने अलगद सोलून ताजा, सपाट पृष्ठभाग मिळवावा. टिपसाठी प्लॅटिनम-इरिडियमची पाव मिलिमीटर जाडीची तार कटरमध्ये तिरकी धरावी आणि कापता कापताच ओढावी. टिप व पृष्ठभाग यांतील अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले, तरी प्रवाह साधारणपणे दहाव्या हिश्श्यावर येतो. म्हणूनच टिपच्या टोकाचा एखादा अणूच बहुतेक सारा प्रवाह वाहतो आणि म्हणूनच दारावरून गेलेली पावलेही चित्रात उमटतात. पाच नॅनोमीटरच्या स्कॅनमध्ये ०.२४६ नॅनोमीटर अंतरावरील ठिपक्यांची त्रिकोणी जाळी स्वच्छ दिसली, की त्याच मापाने स्कॅनरचे अंशांकन (कॅलिब्रेशन) करावे. प्रत्येक ठिपक्याशेजारी त्याची फिकट सावली दिसत असेल, तर टिपला दोन टोके आहेत असे समजून ती बदलावी. प्रतिमेवर संगणकाने संस्कार करून तो दोष झाकू नये.

यानंतरच रेणू आणावेत. पहिल्या प्रयोगासाठी मी ट्रायमेसिक आम्ल सुचवीन. बेंझिनच्या कड्यावर एकाआड एक असे तीन कार्बोक्सिल गट असलेला हा रेणू शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडला जातो. नोनानोइक आम्लात त्याचे संपृक्त द्रावण करावे, न विरघळलेला भाग तळाशी बसू द्यावा आणि वरच्या निवळीचा एक छोटा थेंब ग्रॅफाइटवर ठेवावा. हे द्रावक सहजी उडून जात नाही आणि विजेचे दुर्वाहक असल्याने टिप थेट थेंबात बुडवूनच स्कॅन करता येतो. सुमारे १ व्होल्ट आणि काही दशक पिकोअँपिअर या प्रवाहावर सहा-सहा रेणूंच्या षट्कोनांची, कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीसारखी रचना दिसते. दोन शेजारच्या पोकळ्यांच्या केंद्रांतील अंतर सुमारे १.६ नॅनोमीटर भरते. द्रावक बदलून हेक्झॅनोइक आम्ल घेतले तर हीच जाळी फुलासारख्या दाट रचनेला जागा देते, त्यामुळे नोंदवहीत द्रावकाचे नाव टिपायला विसरू नये.

जाळी दिसताच स्कॅन चालू असतानाच व्होल्टेज काही दशक मिलिव्होल्टपर्यंत उतरवावे आणि प्रवाह वाढवावा. टिप पृष्ठभागाच्या जवळ येते, रेणू बाजूला सारले जातात आणि त्याच चौकटीत खालचे ग्रॅफाइट दिसू लागते. अशा अर्ध्या-अर्ध्या प्रतिमेवरून रेणूंच्या जाळीचा ग्रॅफाइटशी असलेला कोन व मोजमाप, दोन्ही थेट काढता येतात. औष्णिक सरकण्यामुळे, म्हणजे तापमानातील बदलाने टिप व नमुना एकमेकांच्या तुलनेत हळूहळू हलल्यामुळे, अंतरे ताणली जातात; ती ओळखण्यासाठी वरून खाली आणि खालून वर घेतलेले स्कॅन शेजारी ठेवून पाहावेत. चित्रातील उजळपणा म्हणजे रेणूची उंची नव्हे, हेही पक्के ध्यानात ठेवावे: प्रवाह हा रेणूच्या इलेक्ट्रॉनीय अवस्थांवरही अवलंबून असल्याने व्होल्टेजचे चिन्ह बदलताच तोच रेणू वेगळा दिसू शकतो.

प्रत्येक मूळ फाइल, तिच्यावर काहीही प्रक्रिया करण्यापूर्वी, टिप, नमुना आणि तारखेच्या नोंदीसह जतन करावी. एकच रचना निदान तीन वेगळ्या नमुन्यांवर आणि दोन वेगळ्या टिपांनी दिसेपर्यंत मी ती मार्गदर्शकापुढेसुद्धा निष्कर्ष म्हणून ठेवत नाही.