बल समजून घेण्याची पद्धत: कोण, कोणावर, कोणत्या दिशेने आणि किती

बलाची व्याख्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते आणि लगेच उदाहरणे सोडवायला सुरुवात होते. ही उदाहरणे चुकतात ती बहुधा आकडेमोडीमुळे चुकत नाहीत. कोणते बल कोणत्या वस्तूवर लागले आहे हे न ठरवताच सूत्रात किमती भरल्या जातात, म्हणून चुकतात. त्यामुळे कोणताही प्रश्न हाती घेतल्यावर आधी एक वाक्य पूर्ण करून पाहावे: ‘अमुक वस्तू तमुक वस्तूवर या दिशेने बल लावते.’ दोन्ही वस्तूंची नावे सांगता आली नाहीत, तर तसे बल नाही असे समजून ते आकृतीतून खुशाल वगळावे.

ही कसोटी सरळ वर फेकलेल्या चेंडूला लावून पाहावी. हातातून सुटल्यानंतरही चेंडूवर त्याला वर नेणारे एखादे बल असावे असे अनेकांना वाटते. परंतु ते लावते कोण? हाताचा स्पर्श केव्हाच संपलेला असतो. हवेचा विरोध दुर्लक्षित केला, तर पृथ्वीचे खाली ओढणारे गुरुत्व बल तेवढे उरते, आणि चेंडू वर जात असताना, सर्वोच्च बिंदूवर क्षणमात्र थांबलेला असताना व खाली येत असताना ते तेवढेच आणि त्याच दिशेने असते. वळण घेणाऱ्या वाहनात प्रवाशाला बाहेर ढकलणारे बलही या कसोटीवर टिकत नाही. जमिनीवरून पाहिले तर प्रवाशाचे शरीर सरळ रेषेत जाऊ पाहत असते आणि वाहन त्याच्या वाटेत आत वळते, इतकेच घडते. (त्वरणित चौकटीतून, म्हणजे वळणाऱ्या वाहनासारख्या वेग बदलणाऱ्या ठिकाणाहून, निरीक्षण करण्याची आणि त्यासाठी आभासी बले मानण्याची रीत आहे, पण सुरुवात करणाऱ्याने जमिनीवरची चौकट सोडू नये हे बरे.)

गती टिकवण्यासाठी सतत बल लागते हा समज ॲरिस्टॉटलपासून चालत आलेला आहे. उतरणीवरून गोळे सोडून केलेल्या प्रयोगांच्या आधारे गॅलिलिओने तो खोडून काढला आणि 1687 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात न्यूटनने गतीचे तीन नियम मांडले. त्यांतील पहिल्या नियमाचे सार असे की, परिणामी बल, म्हणजे वस्तूवरील सर्व बलांची एकत्रित बेरीज, शून्य असेल तर वस्तूचा वेग बदलत नाही. बलाचा संबंध वेगाशी नसून वेगातील बदलाशी आहे, हे मनात पक्के झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

बदल किती होईल हे दुसरा नियम सांगतो: परिणामी बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण (वेग बदलण्याचा दर). 1 किलोग्रॅम वस्तुमानात 1 मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण निर्माण करणारे बल म्हणजे 1 न्यूटन. सूत्रात ‘बल’ म्हणून जे येते ते त्या वस्तूवरील सर्व बलांची दिशेसह केलेली बेरीज असते, कोणतेही एखादे बल नव्हे. बल ही सदिश राशी, म्हणजे परिमाणाबरोबर दिशाही असलेली राशी, असल्यामुळे 3 न्यूटन आणि 4 न्यूटनची दोन बले एकाच दिशेने असतील तर बेरीज 7, विरुद्ध दिशांनी असतील तर 1, आणि परस्परांना लंब असतील तर 5 न्यूटन येते.

आता प्रत्यक्ष पद्धत पाहू. ज्या वस्तूविषयी प्रश्न आहे ती एकटीच कागदावर काढावी, भोवतालच्या वस्तू काढू नयेत, आणि त्या वस्तूवर लागणारे प्रत्येक बल बाणाने दाखवावे. वस्तूने इतरांवर लावलेली बले या आकृतीत येत नाहीत. समजा, सपाट जमिनीवर 10 किलोग्रॅमचे खोके आहे. पृथ्वी ते 98 न्यूटनने (10 गुणिले गुरुत्व त्वरण 9.8) खाली ओढते आणि जमीन 98 न्यूटनचे अभिलंब बल, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेले बल, वर लावते. जमीन आणि खोके यांच्यातील स्थितिक (खोके स्थिर असतानाच्या) घर्षणाचा गुणांक 0.4 आणि गतिक (सरकत असतानाच्या) घर्षणाचा 0.3 आहे असे धरू; गुणांकाला अभिलंब बलाने गुणले की घर्षणाची किंमत मिळते, स्थितिक घर्षणाच्या बाबतीत कमाल किंमत. खोके 20 न्यूटनने आडवे ढकलले, तर घर्षण किती? अनेक जण 0.4 ला 98 ने गुणून 39.2 न्यूटन असे उत्तर देतात आणि मग खोके ढकलणाऱ्याच्याच अंगावर यायला हवे हे त्यांच्या ध्यानात येत नाही. 39.2 न्यूटन ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे; तोपर्यंत घर्षण जेवढ्यास तेवढे असते, म्हणजे येथे 20 न्यूटन. 45 न्यूटनने ढकलले की मर्यादा ओलांडली जाते, खोके सरकू लागते आणि घर्षण 29.4 न्यूटनवर येते. परिणामी बल 15.6 न्यूटन आणि त्वरण 1.56 मीटर प्रति सेकंद वर्ग. सरकत्या खोक्यावरील जोर आता 29.4 न्यूटनपर्यंत कमी केला, तर ते थांबणार नाही, त्या क्षणी असलेल्या वेगानेच पुढे जात राहील. जोर पूर्णपणे काढून घेतला, तर मात्र घर्षण एकटे उरते आणि 3 मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारे खोके साधारण एका सेकंदात थांबते.

वस्तुमान आणि वजन यांतील फरक लिफ्टच्या उदाहरणातून चांगला स्पष्ट होतो. 50 किलोग्रॅमची व्यक्ती लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. तिच्यावर दोनच बले आहेत: पृथ्वीचे खाली 490 न्यूटन आणि काट्याचे वर. काटा जे दाखवतो ते हे दुसरे बल असते. लिफ्ट स्थिर असो वा एकसमान वेगाने वर जात असो, काटा 490 न्यूटनच दाखवतो. वर जायला निघताना 1.2 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण असेल, तर काट्याला 50 गुणिले 11, म्हणजे 550 न्यूटन बल लावावे लागते आणि किलोग्रॅममध्ये आखलेल्या तबकडीवर सुमारे 56 हा आकडा दिसतो. वरच्या मजल्याजवळ लिफ्ट त्याच प्रमाणात मंदावू लागली की काटा 430 न्यूटन, म्हणजे 44 किलोग्रॅमच्या आसपास येतो. लिफ्ट अजून वरच जात असते, तरीही काटा कमी दाखवतो, कारण त्वरण आता खाली आहे. येथे जरा थांबून विचार करावा. वेगाची दिशा आणि परिणामी बलाची दिशा वेगळी असू शकते हे या एका प्रसंगातून जितके ठसते तितके व्याख्या पाठ करून ठसत नाही.

तिसऱ्या नियमाबाबत सर्वाधिक गोंधळ असतो. टेबलावरील पुस्तकाचे वजन आणि टेबलाचे अभिलंब बल यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हटले जाते, ते चूक आहे. ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर लागतात, आणि क्रिया व प्रतिक्रिया नेहमी दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. जोडी शोधायची असेल तर सुरुवातीच्या वाक्यातील दोन नावांची अदलाबदल करावी: पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, तर पुस्तक पृथ्वीला तेवढ्याच बलाने वर ओढते, टेबल पुस्तकाला वर रेटते, तर पुस्तक टेबलाला खाली रेटते. दोन्ही बले एकाच वस्तूवर नसल्यामुळे ती परस्परांना रद्द करतात असे म्हणता येत नाही.

टेबलाला हे बल लावता येते कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, वास्तविक त्यातच बलाचा दुसरा मोठा परिणाम दडलेला आहे. पुस्तक ठेवताच टेबलाचा पृष्ठभाग डोळ्यांना न दिसण्याइतका दबतो आणि दबलेला पदार्थ मूळ आकार घेऊ पाहतो, त्यातून अभिलंब बल निर्माण होते. तानकाट्यातील स्प्रिंगमध्ये हाच आकारबदल दिसेल इतका मोठा असतो. 1 न्यूटनला 2 सेंटिमीटर ताणली जाणारी स्प्रिंग 3 न्यूटनला 6 सेंटिमीटर ताणली जाते. हे समप्रमाण रॉबर्ट हूक यांनी 1678 साली मांडले. स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडल्यावर स्प्रिंग मूळ लांबीवर परतत नाही, म्हणून तानकाट्याला त्याच्या क्षमतेबाहेरचे वजन कधीही लावू नये.

बल कोठे लावले यावरही परिणाम अवलंबून असतो. बिजागरीपासून 80 सेंटिमीटरवर 10 न्यूटनने उघडणारे दार 20 सेंटिमीटरवर ढकलले तर 40 न्यूटन लागतात, कारण वळवण्याचा परिणाम बल आणि लंब अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो.

उत्तर आल्यावर ते टोकाच्या किमती घालून तपासण्याची सवय लावावी. खोक्याच्या उदाहरणात घर्षण शून्य धरले, तर 45 न्यूटनला 4.5 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण यायला हवे. लिफ्टच्या सूत्रात खालच्या दिशेचे 9.8 इतके त्वरण घातले, तर काट्याने शून्य दाखवायला हवे, कारण मुक्तपणे पडणाऱ्या लिफ्टमध्ये काटा आणि व्यक्ती बरोबरीनेच पडत असतात. आपल्या सूत्रातून 980 न्यूटन आले, तर त्वरणाचे चिन्ह उलट घेतले गेले आहे असे समजून बाणांची आकृती पुन्हा काढावी.