पावसाळ्यात वेताची लागवड: बी ओले, काठी सुकी

सह्याद्रीच्या ओल्या रानात वेताच्या काही जाती वाढतात. त्यांपैकी कॅलॅमस थ्वेटेसी ही जाड, बेटाने वाढणारी. खुर्च्यांचे सांगाडे, काठ्या, अवजारांच्या मुठी अशा कामांना जाड वेत लागतो. बारीक जातींच्या सोललेल्या पट्ट्यांनी खुर्चीची बैठक विणतात, टोपल्या-करंड्या करतात. रानातला वेत ओरबाडण्यापेक्षा आपल्या ओढ्याकाठी चार बेटे उभी करा.

सगळ्यात जास्त फसगत बियाण्यात होते. धान्यासारखे वेताचे बी वाळवून ठेवायचे नसते; सुकले की ते मरते. पिकलेल्या फळाची खवल्यांची साल आणि आतला गर चोळून काढा, बी धुवा आणि लगेच सावलीतल्या वाफ्यात पेरा. उगवायला काही महिनेही लागतात. वाफा रिकामा दिसतो म्हणून उकरू नका, फक्त ओल टिकवा.

पिशवीतली वर्षभराची रोपे पाऊस स्थिरावल्यावर लावा. पाणी साचणारी जागा टाळा. दोन रोपांत ३ मीटर अंतर ठेवा. सुरुवातीला सावली हवी, पुढे वर चढताना उजेड. आधाराला ऐन, किंजळ अशी रानझाडे बरी. आंब्या-काजूवर वेत चढवू नका, काट्यांमुळे फळे काढणे अवघड होईल. पायवाटेपासूनही लांब लावा. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, तेव्हा पुढे घरचे बी हवे असेल तर एका रोपावर थांबू नका.

लागवडीची नोंद सातबाऱ्यावर करून घ्या. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील ‘झाड’ या व्याख्येतून २०१७ मध्ये बांबू वगळला गेला, वेत मात्र राहिला. म्हणून तोडणी-वाहतुकीआधी वनखात्याकडे चौकशी करा. २००६ च्या वनहक्क कायद्यात वेत गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणारा वनस्पतींचा माल, आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्यांना तो गोळा करून विकता येतो.

जाड वेत तयार व्हायला दहा-बारा वर्षे तरी धरा. बुडाकडची काटेरी आवरणे सुकून गळाली, की ती काठी पक्व समजा. तोडणी कोरड्या दिवसांत करा आणि कोवळ्या फुटव्यांना कोयता लावू नका, बेट त्यांच्यावरच चालते. तोडलेली काठी मात्र ओली राहू देऊ नका. आवरण त्याच दिवशी उतरवून ती उन्हात उभी करा. ओल्या वेताचा ढीग घातला तर बुरशीचे निळसर-काळे डाग पडतात आणि ते घासून निघत नाहीत.