फर्निचर बनवून घेताय? आधी भिंती बघा

सुताराला बोलवायच्या आधी भिंती तपासा, घोडबंदरला काय किंवा वाशीला काय, पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल आली आणि तिला चिकटून वॉर्डरोब ठोकलेला असला की मागचा प्लाय फुगतोच, म्हणून आधी लीकेज काढा मग फर्निचर. किचनला आयएस ७१० वालाच प्लाय घ्या, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, बेडरूमला आयएस ३०३, म्हणजे साध्या वापराचा प्लाय चालतो, पण शिक्का प्रत्येक शीटवर स्वतः बघा हं, नुसत्या बिलावर जाऊ नका. प्लायच्या कापलेल्या कडांना एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी हवीच, पाणी तिथूनच शिरतं. ओट्याची उंची रोज स्वयंपाक करणाऱ्याला उभं करून ठरवा, कोपराच्या थोडी खाली. देवघराचा लाइट पॉइंट आधीच काढून घ्या. आणि सोसायटीत ठोकाठोकीच्या वेळा विचारून ठेवा.