अल्झायमर्सवर काम करायचंय? आधी ईईजी वाचायला शिका

शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एमएस्सी करून मी न्यूरोसायन्सकडे वळलो. विद्यापीठातली पोरं अजून विचारतात, "सर, अल्झायमर्सवर काम करायचंय, कुठलं प्रोटीन धरू?" मी म्हणतो, प्रोटीन नंतर, आधी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख.

अभ्यासक्रमात आपण अमायलॉइड, टाऊ (या आजारात मेंदूत साचणारी प्रोटीनं) आणि मरणाऱ्या पेशी पाठ करतो. पण मरण्याआधी यातल्या बऱ्याच पेशी गप्प नसतात, नको तेवढ्या चेकाळलेल्या असतात. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत पालोप आणि मुके यांच्या गटानं अल्झायमर्सचं मानवी जनुक घातलेले उंदीर तपासले. बाहेरून आकडी दिसेना, ईईजीवर मात्र झटके उमटत होते. 2012 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या मिकेला गॅलघर यांच्या गटानं सौम्य विस्मरण असलेल्यांना लेव्हेटिरासेटम दिलं. अपस्माराचं (फिट येण्याच्या आजाराचं) हे औषध आपल्याकडेही सर्रास वापरतात. अगदी कमी मात्रेत हिप्पोकॅम्पसची (मेंदूतल्या स्मरणाच्या भागाची) अतिसक्रियता उतरली, स्मरणचाचणीतले गुणही वाढले.

लगेच भाळू नका. 2021 च्या चाचणीत अल्झायमर्सच्या 34 रुग्णांना हेच औषध 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार आठवडे दिलं. एकत्र हिशेबात ठोस फायदा दिसला नाही. पण ज्या 13 जणांच्या मेंदूत अपस्मारासारख्या लहरी सापडल्या होत्या, त्यांच्या काही चाचण्या सुधारल्या. मला या विषयाची खरी गंमत इथंच वाटते: औषध कुणाला द्यायचं ते ईईजीचा आलेख सांगतो. (म्हणून आजीला परस्पर गोळी सुरू करू नका. तेही विचारणारे भेटतात!)

कोल्हापुरात बसून सुरुवात होते. ओपनन्यूरो या मेंदूविषयक डेटाच्या खुल्या संकेतस्थळावर 88 जणांचे ईईजी फुकट आहेत: 36 अल्झायमर्सचे, 23 फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचा दुसरा एक प्रकार), 29 निरोगी. पायथन शिका, एमएनई (ईईजी तपासायचं पायथनचं पॅकेज) टाका, अल्फा लहरी (डोळे मिटून शांत बसल्यावर दिसणाऱ्या) मंदावल्यात का ते बघा. गणित नको म्हणून बायोलॉजी घेतलेल्यांची इथं पंचाईत होते. फिजिक्सवाल्या मित्राला चहा पाजून फुरिए (लहरींची वारंवारतेनुसार फोड करायचं गणित) समजून घ्या. या ईईजींत झटके मात्र शोधत बसू नका. नोंदी जागेपणीच्या, काही मिनिटांच्याच आहेत आणि या आजारातले छुपे झटके बहुतेक झोपेत येतात.

संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठीची नेट-जेआरएफ परीक्षा द्याच. मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), बंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था), भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी फेलोशिप यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. मार्गदर्शकाला मेल करताना "मला मेंदूची आवड आहे" लिहू नका, तसे ढिगानं येतात. स्वतः काढलेला एक आलेख जोडा आणि त्यातलं काय कळलं नाही ते विचारा.